पहिल्या रांगेतला पास

नाटकवाल्यांच्या घरात दोन गोष्टी न मागता साठतात. एक, वापरलेल्या दाढ्यामिशा आणि दोन, किस्से. दाढ्यामिशांना निदान कसर लागते, किस्से मात्र शाबूत राहतात. चार माणसं चहाला जमली की मी घसा खाकरतो आणि आमची ही म्हणते, "झालं, निमाताई सुरू! मी दुसरा चहा टाकते."

निमाताई म्हणजे आमच्या ग्रुपची हिरोईन, लेखिका आणि हेडमास्तर, सगळं एकटीच. दिवसा फुलंब्रीच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये आमची तालीम घ्यायची. दहा-दहा मिनिटांची स्किट्स स्वतः लिहायची. त्यात हवालदारापासून विहीणबाईपर्यंत सगळी मोठी कामं स्वतः करायची. उरलेल्या कामांना आम्ही दोघं होतो. शहागंजातले टेलर रशीदभाई आणि मी, दिगू, एका सरकारी ऑफिसातला कारकून.

निमाताईचा एक नियम होता. ज्याची नक्कल करायची, त्याला पहिल्या रांगेतला पास पाठवायचा. तो माणूस येऊन बसला तरच स्किट होणार, नाहीतर कॅन्सल!

"पाठीमागं केली की चहाडी, दिगू. समोर बसवून केली की कला!"

कला तिची, आणि पास पोचवायचं काम माझं. म्हणजे मार कुणाला बसणार होता, ते तुम्हीच ठरवा.

* * *

पहिलाच पास निघाला माझ्या हेडक्लार्कसाहेबांच्या नावानं. कुठलाही अर्ज समोर ठेवा, साहेब चष्मा कपाळावर सरकवणार, कागद नाकाला लावणार आणि म्हणणार, "यात एक त्रुटी आहे." मीच हे निमाताईला हसत हसत सांगितलं होतं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

साहेब सहकुटुंब आले. स्टेजवर निमाताईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि मी विंगेत डोळे मिटून घेतले. आता माझी बदली थेट किनवटला, हे मी धरूनच चाललो होतो. बघतो तर साहेब हसून हसून खुर्चीतून घसरायला आलेले!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अहो, काय हुबेहूब हो! तो शेजारच्या ऑफिसातला कुलकर्णी, डिट्टो!"

मी खूश होऊन तिथंच रजेचा अर्ज पुढं केला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"यात एक त्रुटी आहे."

* * *

तेव्हा आम्हाला कळलं की कुणी स्वतःला ओळखतच नाही! निमाताईच्या घरमालकीणबाई स्वतःचंच स्किट बघून डोळे पुसत म्हणाल्या, "असल्या बायका असतात हो, भाडेकरूंना छळणाऱ्या!" आणि सकाळी साडेसहाला त्यांनी नेहमीसारखा नळ बंद केला.

पण एक माणूस असा होता, की तो येतच नव्हता. निमाताईचे वडील, अण्णा.

अण्णांची वैजापूरला आडत होती, कांद्याची आणि धान्याची. निमाताईच्या नवऱ्याची नाटकाला ना नव्हती, सगळं अडलं होतं ते माहेरी. पहिल्या प्रयोगानंतर अण्णा एवढंच म्हणाले होते, "पोरगी मिशा लावून लोकायला हसवती. आता मी मार्केटात तोंड कसं दाखवू?" माहेरी जाणं-येणं चालू होतं, पण नाटकाचा विषय निघाला की अण्णा उठून जायचे.

आणि निमाताईच्या वहीतलं सगळ्यात भारी स्किट अण्णांचंच होतं! अण्णांची एक लकब होती. नाही म्हणायच्या आधी ते डोक्यावरची टोपी काढायचे, आत फुंकर मारायचे, टोपीत डोकावून बघायचे, टोपी परत घालायचे आणि मग म्हणायचे, "नाय." लग्न होईपर्यंत रोज अण्णांच्या समोर पाट मांडून जेवलेली पोरगी ती, तिला अण्णा तोंडपाठ होते. तालमीत एकदाच तिनं आम्हाला करून दाखवलं, तर रशीदभाई हसता हसता मेकअपच्या पेटीवर आदळले.

"ताई, हे कधी लावायचं?" मी विचारलं.

"अण्णा पहिल्या रांगेत बसले की," ती म्हणाली आणि वही मिटून बराच वेळ मिशीचा डिंक खरवडत बसली.

त्यामुळं दरवर्षी पास घेऊन मी वैजापूरला जायचो. अण्णा पास घ्यायचे, चहा पाजायचे, टोपी काढायचे, फुंकर मारायचे. "नाय." वर पिशवीभर कांदे द्यायचे. आमच्या घरात कित्येक वर्षं कांदे विकत आणावे लागले नाहीत.

* * *

निमाताई लिहायची ते फुलंब्रीच्या बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून. सपाट रस्त्यावरचं अक्षर मोत्यासारखं, पण घाट आला की मुंग्या निघाल्यासारखं. तालमीत रशीदभाई वही उलटीसुलटी करून बघायचे.

"ताई, ये डायलॉग किधर का है?"

"चौक्याच्या घाटातला."

"हौ, तो फिर यहाँ आपुन अपने मन से बोलेंगे!"

त्याच बसचा कंडक्टर म्हणजे एक नमुना होता. गर्दी कितीही असो, तो ओरडायचा, "मागं सरका, मागं लई जागा हाय, मागं लग्न लावता येतंय!" निमाताईनं त्याचं स्किट केलं. त्यात स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घातली. "वऱ्हाडी उभे राहा, नवरा-नवरी बसून घ्या!" कंडक्टर पास घेऊन आला, पोटभर हसला आणि गेला.

सोमवारी निमाताई बसमध्ये चढली. कंडक्टर ओरडत होता, "मागं लग्न लावता येतंय! वऱ्हाडी उभे राहा, नवरा-नवरी बसून घ्या!" सगळी बस हसत होती. तो निमाताईजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, एका बाईच्या नाटकातलं हाय. तुमी पण बघा एखांद्या वेळी."

मिशी नसली की तिला कुणी ओळखायचं नाही!

* * *

रशीदभाई एकदा रुसले. सगळ्या गावाची नक्कल झाली, आपली का नाही? शेवटी ते बोललेच, "ताई, हम क्या इतने गयेगुजरे हैं?"

निमाताई वहीतून मान वर न करता म्हणाली, "तुमची चालू आहे की. तीन वर्षं झाली."

झालं होतं असं की आमच्या एका स्किटमध्ये टेलर होता. ईदचे कपडे दिवाळीला आणि दिवाळीचे ईदला देणारा, आणि वर "मापात फरक तुमचाच पडला" म्हणणारा. तो रोल करायचे खुद्द रशीदभाई. तीन वर्षं स्वतःलाच करत होते आणि दर प्रयोगानंतर मला म्हणायचे, "दिगू मियाँ, ऐसे निकम्मे दर्जियों की वजह से आमची लाईन बदनाम हाय!"

त्या दिवशी त्यांनी गळ्यातली टेप काढून स्वतःचीच छाती मोजली. मग म्हणाले, "तो फिर मेरा पास किधर है?"

* * *

गणपतीत लासूर स्टेशनला प्रयोग होता. स्टेज रुळांच्या जवळ. निमाताईनं आधीच जाऊन टाइमटेबल पाहिलं आणि खास त्या गावासाठी स्किट लिहिलं. त्यात नवरा विचारतो, "खरं सांग, तुझी आई मला काय म्हणाली?" बायको सांगायला लागते, तेवढ्यात शेजारून पॅसेंजर जाते. बायकोचे नुसते हातवारे दिसतात. गाडी गेल्यावर नवरा म्हणतो, "हां, मग ठीक आहे!"

एकदम फर्स्टक्लास आयडिया. फक्त त्या दिवशी गाडी लेट होती!

रशीदभाईंनी प्रश्न विचारला. निमाताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पदर नीट केला. रशीदभाई रुळांकडे बघायला लागले. शेवटी पब्लिकमधून एक आजोबा ओरडले, "बाई, गाडी ईस मिनटं लेट हाय! तुमी सांगून मोकळ्या व्हा!"

"नाय!" निमाताई तिथूनच म्हणाली. "आईची शपथ हाय, गाडी आल्याबिगर नाय सांगायची!"

मग काय, सगळं पब्लिक गाडीची वाट बघत बसलं. निमाताईनं पंचवीस मिनिटं सासू, नणंद, भटजी सगळं जागच्या जागी उभं केलं. आणि गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा अख्खं लासूर उठून टाळ्या वाजवत होतं. आतल्या पॅसेंजरांना वाटलं, आपल्या डब्यात कुणी पुढारी आहे!

पुढच्या वर्षी पास घेऊन मी वैजापूरला गेलो. आडतीत रेडिओ चालू होता आणि त्यावर निमाताईचं, आकाशवाणीनं रेकॉर्ड केलेलं, लासूरच्या गाडीचं स्किट लागलं होतं. मला बघून अण्णांनी घाईनं रेडिओ बंद केला.

"सेल गेले," ते म्हणाले.

चहा झाला. फुंकर झाली. "नाय" झालं. मी पिशवी उचलून निघालो, तर पाठीमागून हळूच आवाज आला.

"लासूरची ती गाडी मग आली का?"

* * *

तुम्ही विचाराल, माझी नक्कल केली का कधी? छे! एकदा निमाताई म्हणाली होती, "दिगू, आज विंगेत नको, पहिल्या रांगेत बस." बसलो. स्किट एका भित्र्या कारकुनाचं होतं, साहेबांसमोर अर्ज धरताना ज्याचा हात कापतो. मस्त जमलं होतं.

आमच्या ऑफिसातला जोशी, डिट्टो!

* * *

अण्णांनी रेडिओ बंद केला त्या वर्षीही मी वैजापूरहून कांदे घेऊन परत आलो होतो. प्रयोगाची दुसरी घंटा झाली आणि दारावर उभे असलेले रशीदभाई धावत आत आले. "दिगू मियाँ, टोपी आयी है!"

मी दाराशी पळालो. अण्णा उभे होते, धुतलेलं धोतर आणि कडक इस्त्रीचा सदरा. त्यांनी टोपी काढली. इथवर येऊन आता परत "नाय"? पण अण्णांनी टोपीच्या घडीत बोटं घातली आणि एक घामानं पिवळा पडलेला पास काढला.

"जुना हाय. चालतो का?"

तीन वर्षांपूर्वीचा पास होता. "चालतो," मी म्हणालो. आणि त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

निमाताईला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "दिगू, कंडक्टरचं करू या आज. अण्णा उठून गेले तर? परत कधीच यायचे नाहीत."

"नियम तुझाच आहे, ताई."

तिनं मिशी रशीदभाईंच्या हातात दिली, त्या दिवशी ती त्यांनीच चिकटवली.

ते स्किट कसं झालं म्हणून काय सांगू! निमाताई आडतीत बसली, कांदा दाबून पाहिला, टोपी काढून फुंकर मारली आणि हॉल कोसळला. मी पडद्याच्या फटीतून फक्त अण्णांकडे बघत होतो. ते हसले नाहीत. उठलेही नाहीत. फक्त एकदा त्यांनी हळूच डोक्याला हात लावून आपली टोपी जागेवर आहे ना, ते पाहिलं.

पडदा पडल्यावर रशीदभाई माझ्या कानाला लागले. "देख लेना, अब बोलेंगे, बिल्कुल हमारे शेजारचे आडते जैसा!"

अण्णा मेकअपरूममध्ये आले. समोर निमाताई, धोतर, मिशी, टोपी. दोन अण्णा एकमेकांकडे बघत उभे. 

मग खऱ्या अण्णांनी टोपी काढली. आत फुंकर मारली. टोपीत डोकावून पाहिलं. टोपी परत घातली. निमाताईनं मान खाली घातली.

"डाव्या हातानं," अण्णा म्हणाले.

"काय?"

"मी टोपी डाव्या हातानं काढतो, निमे."

निमाताईनं मान वर केली. मग तिनं डावा हात वर नेला, टोपी काढली, फुंकर मारली, आत डोकावून पाहिलं, टोपी परत घातली आणि अण्णांकडे बघितलं.

अण्णा म्हणाले, "व्हय."