तोंडावर रुमाल

माझ्या मेव्हण्याइतका गिऱ्हाईकवेडा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि निघाला तर जिल्ह्याला झेपायचा नाही. पेणला गणपतीचे डोळे आखावेत तर यानेच. डोलवीच्या कंपनीतली बरी नोकरी सोडली. का, तर म्हणे, "भावोजी, कंपनीत साहेब एक. आपल्या धंद्यात जितकी गिऱ्हाईकं तितके साहेब!" मग परदेशातल्या मराठी माणसांच्या ऑर्डरी ईमेलवर घ्यायला लागला. ओळखीचा कॉम्प्युटर फक्त रोह्याला, आमच्या आळीतल्या क्लासात. त्यामुळे दर रविवारी एसटीने स्वारी आमच्याकडे हजर.

क्लासात शिरायच्या आधी चपला बाहेर, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, आणि मशीनला नमस्कार. मी म्हटलं, "अरे, त्यांना तू दिसत नाय!" तर म्हणतो, "म्हणून काय लुंगीवर बोलू?" ईमेल गेली की धावत फोनच्या बूथवर, अमेरिकेला फोन. तिथे मध्यरात्र. "पत्र पोचलं का हो? पोचलं? मग वाचा नि झोपा." नफा त्या फोनातच जायचा. पण खोटं एक अक्षर लिहायचा नाही. सोंडेचा टवका उडून सांधला, तर कोणी न विचारता तेही कळवायचा.

एकदा तिकडच्या एका बाईने लिहिलं, मूर्तीचं तोंड बघितल्याशिवाय ऑर्डर नाही, फोटो पाठवा. याने पाठवला, तोंडावर लाल रुमाल टाकून. बाईचं उत्तर आलं, "मूर्तीला सर्दी झाली आहे का?"

मी हसून हसून खाली बसलो. हा मात्र रडवेला. "घरी नेताना तोंड झाकायचं, चौरंगावर बसला की दर्शन. रीत हाय ना भावोजी?"

"रीत घाल चुलीत. रुमाल काढ, नायतर गिऱ्हाईक जाईल."

त्या बाईमागे तिच्या पाच मैत्रिणींच्या ऑर्डरी अडल्या होत्या. त्या गेल्या तर पुन्हा कंपनीच्या गेटावर उभं राहायची पाळी. सुक्या कोलंबीचं, सोड्यांचं कालवण पुढ्यात, पण याचा घास उतरेना. तेव्हा आमची ही पदराला हात पुसत उठली. "चल रे, मी सांगते ते लिही." क्लासात त्याच्या खुर्चीमागे उभी राहून तिने सांगितलं, "बाय, तुझा बाप गणपती आणायचा तेव्हा तोंड उघडं असायचं का झाकलेलं? झाकलेलं असेल तर माझ्या भावावर इश्वास ठेव."

पुढच्या रविवारी उत्तर आलं. बाबांच्या डोक्यावरचा पाट आठवला, रुमालासकट पाठवा, मैत्रिणींच्याही तशाच. मेव्हणा क्लासात अनवाणी नाचला. मास्तर मशीन धरून उभा, पडेल म्हणून.

ही गेल्या शिमग्यात गेली. आता पेणला त्याच्या घरापासून दोन दारं सोडून तसला कॉम्प्युटर आलाय. मला वाटलं, संपला आपला रविवार. कालवणाची बाई गेली, मशीनचं कामही गेलं. या खडूस म्हाताऱ्यासाठी कोण एसटीचे धक्के खातंय?

रविवारी दारात इस्त्रीचा शर्ट.

"पेणचं मशीन बिघडलं काय रे?"

"मशीन बरं हाय. पण काय लिहायचं ते खुर्चीमागून सांगणारं तिथं कोण हाय?"

आता मी उभा राहतो. माझ्या शिव्या गाळून तो लिहितो. मग घरी येऊन मी केलेलं कालवण जेवतो. मिठाचा मला अजून अंदाज येत नाही. पण तो वाटी पुढे करतो नि म्हणतो, "डिट्टो ताईसारखं!"

गिऱ्हाईकाशी कधी खोटं बोलला नाही हा माणूस. माझ्याशी बोलतो.