लिव्हरचा रिपोर्ट आणि सहाणेवरची मुळी

ऐंशीच्या दशकात आमच्या मुलुंडमध्ये सोनोग्राफी हा शब्द अजून नवा होता. बायकोच्या पोटात उजवीकडे दुखायचं, म्हणून डॉक्टरांनी पित्ताचे खडे बघायला ती करून आणायला सांगितली. खडे निघाले नाहीत. लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली.

"साधीच दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, तशी. रक्त तपासून घेऊ."

मला 'साधी' ऐकूच आलं नाही, 'दिसतेय' तेवढं ऐकू आलं.

गणपतीला गावी जाऊन आल्यावर रक्त द्यायचं ठरलं. गावी थोरल्या भावाने मला गोठ्यामागे नेऊन कागदात गुंडाळलेली एक मुळी हातात ठेवली. काविळीवर हमखास. रोज सकाळी ताकात उगाळून अकरा दिवस द्यायची. अट एकच, कुणाजवळ बोलायचं नाही. वाच्यता झाली की औषधाचा गुण जातो.

मी विक्रोळीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. एकेका नटबोल्टाची पावती मागणारा माणूस, पण ती मुळी मी मुकाट्याने खिशात टाकली. परीक्षेआधी मुलांची घोकंपट्टी घ्यायचो, तशीच बायकोच्या रक्ताचीही तयारी करून घेऊ, असा माझा हिशेब. कामाची सबब सांगून मी तपासणी आठवडाभर पुढेही ढकलली. घरात चहाचा कप न विसळणारा मी पहाटे उठून सहाणेवर मुळी उगाळू लागलो. बायको वाटी हातात घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि एका दमात पिऊन टाकायची. काय आहे म्हणून तिने एकदाही विचारलं नाही.

बाराव्या दिवशी लॅबमध्ये रक्त दिलं. लॅबवाल्या बाईंनी दुसरं काही औषध चालू आहे का विचारलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी "नाही" म्हणालो.

कॅन्सरसाठीची खास तपासणी शहरातल्या मोठ्या लॅबमधून आठ दिवसांनी आली. ती चांगली होती. मी पेढे आणायचे की बर्फी या विचारात असताना डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे ओढला. लिव्हरचे आकडे दुपटीहून वर गेले होते.

"अशा साध्या गाठीत हे सहसा बिघडत नाहीत," ते म्हणाले. खास तपासणी चांगली आली तरी तेवढ्यावर विसंबता येणार नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल, कदाचित पोट उघडून बघावं लागेल.

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मी सांगितलं तर मुळीचा गुण जाणार, नाही सांगितलं तर हिचं पोट उघडणार. एवढं सोपं गणित सोडवायला मला बराच वेळ लागला, हे आजही कबूल करताना लाज वाटते. शेवटी मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे रिपोर्ट गाठीचा नाही, तुमचा आहे तर," ते म्हणाले. मुळी पुन्हा द्यायची नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, तोवर पोटाला कुणी हात लावायचा नाही.

घरी येताना मी बायकोला विचारलं, अगं, एवढं कडू होतं, तर नको का नाही म्हणालीस?

"बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही उगाळत होतात," ती म्हणाली. "नको कसं म्हणू?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. तीत फक्त कोथिंबीर होती.

ते तीन आठवडे मी सहाणेकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा रिपोर्ट आला तेव्हा सगळे आकडे जागेवर होते. गाठ साधीच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघू, एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्या रविवारी बायकोने श्रीखंडाचा चक्का बांधला आणि सहाण माझ्यापुढे आणून ठेवली. "हात बसलाय ना आता? घ्या, जायफळ उगाळा."

मी जीव ओतून उगाळलं, अर्थातच जास्त. जेवण झाल्यावर सगळं घर आडवं झालं. मी मात्र जागाच होतो. बायको उजव्या कुशीवर, गाठीच्याच अंगावर, बिनघोर झोपली होती आणि चक्क घोरत होती. एरवी मी तिला हलवून गप्प केलं असतं.