वच्छलाबाईंच्या बॅटवरचं प्लास्टिक

गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत वच्छलाबाई तौरांच्या घरी वस्तू कधी जुनी होत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दांड्याला दुकानातलं प्लास्टिक, आणि सोफा तर सात वर्षं झाली तरी प्लास्टिकमध्येच. बसलं की टरटर वाजतो. बाई पंचवीस वर्षं पैठणच्या एसटीत कंडक्टर होत्या. धावत्या गाडीत कशालाही न धरता उभं राहायची सवय, त्यामुळे निवृत्तीनंतर पिकलबॉल, म्हणजे छोट्या बॅटनं जाळीवरून चेंडू मारायचा खेळ, धरला तेव्हा पाय पहिल्याच दिवशी जमले.

कॉलनीत कोर्ट एकच. सकाळी सहाची वेळ आम्हा पुरुषांची आणि बायकांची आठची, म्हणजे ऐन उन्हात. यावरून बाई भांडल्या. तेव्हा आमचे अध्यक्ष काकासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रविवारी आम्हाला हरवून दाखवा. सहाची वेळ तुमची." आम्हाला म्हणजे काकासाहेबांना आणि मला. बाईंच्या जोडीला शेजारच्या ताहेराबाजी, शिलाईकाम करणाऱ्या.

त्याच आठवड्यात सायलीनं, त्यांच्या लेकीनं, पुण्याहून नवी बॅट पाठवली. काळीभोर, कार्बनची, हलकी. बाईंनी तिला हळदकुंकू लावलं, दिवसभर देवापुढं ठेवली आणि मग कोर्टावर आणली. पण चेंडू नुसता घसरायचा. डावीकडं मारला की समोर जायचा.

"बॅट चांगलीच असंल, पोरीनं निवडून पाठवलीय," त्या मला म्हणाल्या. "माझाच हात गेला आता, भाऊ. वय झालं."

मंगळवारी दूध घेऊन कोर्टाजवळून येताना मला कारण दिसलं. उन्हात बॅट चमकत होती. तिच्यावरचं पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं, वर कुंकवाची बोटं. ज्या खरखरीत अंगामुळे चेंडू फिरतो ते सगळं त्याखाली झाकलेलं. मी काही बोललो नाही. सकाळच्या गार हवेची मला सवय झाली होती. सांगताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

रविवारी सगळी कॉलनी जमली. अकरा गुणांचा एकच डाव. आम्ही नऊ, त्या चार. काकासाहेबांनी तर पुढच्या टोकाला बसलेल्या मंडळींकडं बघून जिंकल्यासारखे हात जोडायला सुरुवात केली होती. बाई घाम पुसायला थांबल्या, तेव्हा ताहेराबाजींनी बॅट हातात घेतली. शिलाईवालीचं नख ते. एका कोपऱ्यात बरोबर अडकलं.

"वच्छलाबाजी, ये पन्नी कायकू रखी?"

"राहू द्या. नवी हाय, खराब होईल."

"खराब कब करेंगे फिर? हारने के बाद?"

बाईंनी बॅट परत हातात घेतली. मग त्यांनी स्वतःच प्लास्टिक सर्रकन ओढलं, कुंकवासकट घडी करून पदराला बांधलं, आणि माझ्याकडं एकदा बघितलं.

पुढचा चेंडू माझ्या पुढ्यात पडला आणि कडेला पळाला. मी हवेत बॅट फिरवली. त्यानंतरचाही तसाच. काकासाहेब तर एकदा चक्क उलट्या दिशेला धावले. बाईंच्या पायांना थकवा माहीतच नव्हता, आता हातही सापडला होता. आम्ही नऊवरून हललोच नाही. त्या अकरावर पोचल्या तेव्हा ताहेराबाजींनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, आणि दोघी कोर्टात बसून हसल्या. हरलो होतो, तरी मला मनापासून आनंद झाला.

संध्याकाळी कबुली द्यायला त्यांच्या घरी गेलो. सोफ्यावर बसलो तर आवाज नाही. प्लास्टिक गेलं होतं, खाली निळी फुलं होती. मी त्या फुलांकडं बघत म्हणालो, "बाई, मला मंगळवारीच दिसलं होतं."

"व्हय, कळलं ते," त्या चहा पुढं करत म्हणाल्या. "प्लास्टिक काढताना तुमचं तोंड बघितलं. पंचवीस वर्षं बिनतिकिटाचा माणूस मी तोंडावरूनच ओळखलाय. घ्या चहा. उद्या आठला या, ऊन लई नसतंय."