काइजागे डॉक्टरांची लांबची वाट

काइजागे डॉक्टरांना मी कधी ताजंतवानं पाहिलेलं नाही. सरोवराकाठच्या म्वान्झा शहरातल्या आमच्या इस्पितळात मेंदूची ऑपरेशनं करणारे ते एकटेच. मी त्यांच्या हाताखालचा डॉक्टर, सेंगेरेमाच्या वैद्यकीय शाळेतून शिकून आलेला. वॉर्डात फेरी चालू असताना ते भिंतीला टेकून डुलकी घेतात आणि त्या डुलकीतच माझी चूक पकडतात. हे कसं जमतं, मला अजून कळलेलं नाही.

न्यामिझीबाईंच्या खाटेपाशीही ते टेकलेलेच होते. बाई किरुंबाच्या बाजारात मासळीचा लिलाव पुकारतात. मेंदूच्या डाव्या बाजूला खोल गाठ. डोकं घणाचे घाव पडल्यासारखं ठणकायचं.

"दोन वाटा आहेत, मावशी," डॉक्टर म्हणाले. "जवळची सरळ डावीकडून आत जाते. पण तिकडेच बोलण्याची जागा आहे, तिला धक्का लागू शकतो. लांबची मेंदूच्या दोन भागांमधल्या फटीतून जाते. तिथं उजव्या पायाची भीती. आणि माझी कंबर मोडते ती वेगळीच."

त्यांचा कल जवळच्या वाटेकडे होता. मेंदूच्या फोटोवर रेघही त्याच वाटेची मारली होती.

"पाय नको घालवूस, आक्का," धाकटा भाऊ लुहेंदे म्हणाला. "बाजारात चालशील कशी?"

"चालायला मी काय हमाल आहे? ओट्यावर बसून ओरडेन. मुकी झाले तर तू पुकारणार? तुझा आवाज तुझ्या बायकोलासुद्धा ऐकू जात नाही!" बाई डॉक्टरांकडे वळल्या. "लांबची."

डॉक्टरांनी रेघ पुसली. ऑपरेशन त्याच सकाळी होतं, तेही पुढे ढकललं. सगळी मांडामांड मीच केलेली, त्यामुळे माझं तोंड वाकडं झालं.

"थकलेला हात जवळचीच वाट धरतो रे," ते म्हणाले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी गाठ निघाली. बाई शुद्धीवर आल्या, घशातली नळी काढली. डॉक्टरांनी चादर सारून उजव्या तळपायाला गुदगुल्या केल्या. पाय हलला नाही.

"हा येईल सावकाश," ते म्हणाले, पण चेहरा पडला. "मावशी, काहीतरी बोला."

लुहेंदेनं माझं मनगट आवळलं. बाई डॉक्टरांचे डोळे न्याहाळत होत्या, ओट्यावरच्या माशाचे न्याहाळावेत तसे.

"हा माल कालचा आहे," घोगरा पुकारा झाला. "डोळे आत गेलेत. कुणी बोली लावू नका. घरी नेऊन झोपवा."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले ते बसलेच. मान छातीवर आली. मी उठवायला गेलो, तर बाईंनीच मला दटावलं.