दाजींनी लावलेलं नवं कुलूप

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, कुलपं दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, पण भिंतभर किल्ल्या. आणि राग तर दुकानात मावायचा नाही. किल्ली हरवलेलं गिऱ्हाईक आलं की आधी दहा मिनिटं बोलणी खायचं, मग दार उघडून मिळायचं. तरी लोक त्यांच्याचकडे यायचे. हात तसा होता.

अशा माणसाच्या घरी नाताळच्या दिवशी दाराला कडी लागत नसे. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. बाळाच्या जन्माच्या रात्री मरिया-योसेफाला त्या गावात कुणी दार उघडलं नाही, निदान आपलं तरी त्या दिवशी बंद नको. सकाळच्या प्रार्थनेपासून दुपारची पंगत उठेपर्यंत दार नुसतं लोटलेलं असायचं. येणाऱ्यानं ढकलायचं आणि आत यायचं. हाक नाही, टकटक नाही. थंडीत वारा आत घुसायचा, आम्ही कानटोप्या घालून जेवायचो. एकदा एक अनोळखी पाववाला चुकून आत आला, त्याला दाजींनी पोटभर जेवू घालूनच सोडलं, तेही ओरडत ओरडत.

नाताळच्या देखाव्यात मांडायच्या गव्हाणीतली मेंढरंसुद्धा किल्ल्यांची. बाद झालेल्या किल्लीला कापूस चिकटवला की झालं मेंढरू. धाकटी, म्हणजे दाजींची मुलगी, ती सुरेख करायची. आठ वर्षांची असल्यापासून बापाशेजारी बसून कानस चालवायला शिकलेली. थोरला, तिचा भाऊ, मात्र आजही घराची किल्ली उलटी घालतो.

आणि तरीही त्या वर्षी जूनमध्ये दाजींनी दुकानावर नवी पाटी लावली. स्वतःचं नाव, पुढे ‘आणि मुलगा’. धाकटी पाटीखाली उभी राहिली, वर बघितलं, आपली हत्यारं पिशवीत भरली आणि गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला टपरी टाकली. सहा महिने तोंड दाखवलं नाही. ताई दाजींशी कामापुरतंच बोलू लागली.

नाताळला ती येईल का, एवढाच प्रश्न त्या घरात होता आणि तोच कुणी काढत नव्हतं. पण मी पाहिलं, गव्हाणी मांडताना दाजींनी धाकटीची मेंढरं सगळ्यांत पुढे ठेवली. कुणी काही बोलू नये म्हणून वर मलाच दटावलं, दाराबाहेर कागदी तारा वाकडा टांगला म्हणून.

पंगत बसली. दाजींची नजर दारावर. बटाटे कच्चे, थोरला मचमच करतो, मी फार बोलतो, सगळ्यांवर तोंडसुख घेऊन झालं. जेवणं संपत आली तशी ते बळंच वाढायला लागले. पंगत उठली की दाराची मुदत संपणार ना! तिसऱ्यांदा ताटात भात पडल्यावर थोरला कळवळला. ताई म्हणाली, “नाही यायची ती.” दाजी गरजले, “दार उघडं आहे तिला. यायचं नसेल तर मी काय करू?”

तेवढ्यात बाहेर वाऱ्यानं तारा आपटल्याचा आवाज झाला. ताई बघायला उठली. तिनं मूठ फिरवून दार उघडलं, आणि पायरीवर धाकटी बसलेली. मांडीवर केकचा डबा, नाक लाल. दीड तास.

“दार कुणी लावलं?” दाजींचा आवाज चढला. आधी थोरल्यावर, मग दाराजवळ बसलो होतो म्हणून माझ्यावर.

धाकटी उठली. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट. “तीनदा ढकललं, बाबा. कुलूप तुमच्या हातचं आहे. नुसतं लोटलं तरी खटका बसतो.”

दाजींनी खटका बोटानं दाबून पाहिला. गेल्याच महिन्यात त्यांनी ते आपोआप लागणारं कुलूप बसवलं होतं आणि चोराची काय बिशाद, म्हणून गल्लीभर मिरवलं होतं. सकाळी वारा येतो म्हणून दार लोटलंही त्यांनीच.

“तुला उघडता आलं नसतं होय?” ते कसेबसे म्हणाले.

“एका मिनिटात आलं असतं. पण आज ते उघडं असायचं असतं. मुद्दाम लावलंत की काय, तेवढं तोंडावर विचारायला थांबले.”

दाजी पेचकस घेऊन आले. रागारागानं इतका जोर लावला की स्क्रूच्या खाचा झिजल्या. “सरका,” ती म्हणाली. चार स्क्रू काढले, कुलपासकट पिशवीत टाकले. “पाटी बदलली की मिळेल.” मग जेवायला बसली. तीनदा वाढलेला भात थोरल्यानं हळूच तिच्या ताटात सरकवला.

दाराला भोक राहिलं, त्यात दाजींनी मोजा कोंबला. पंधरा दिवस सगळ्या गल्लीवर खेकसले. मग एका सकाळी शिडी लावून ‘मुलगा’ तेवढं खरवडून टाकलं. पाटीवर उरलं नाव आणि ‘आणि’. जो तो विचारायचा, आणि काय? दाजी त्याच्या अंगावर जायचे.

धाकटीला कळलं. संध्याकाळी तिच्याकडून कागदाची पुडी आली. आत चारांतले दोनच स्क्रू. दाजींनी पुडी भिंतीवर फेकली, रात्रभर दातओठ खाल्ले, ताईला म्हणाले, “बापाची थट्टा करते!” दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पाटी काखेत मारून रंगाऱ्याच्या दारात उभे होते, आणि उशीर केलास म्हणून त्यालाच झापत होते.