रस्ता अडवून धरणारा ड्रायव्हर

आमचे हे बस चालवायचे. डेपोपासून स्टेशनपर्यंत आणि परत, त्याच एका मोठ्या रस्त्यावरून. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, चला, वेळापत्रकाचा माणूस मिळाला. कसलं काय! तो रस्ता इतका तुंबलेला असायचा की जेवायला येतो म्हणून गेलेला माणूस चहाच्या वेळेला उगवायचा. मी ताट झाकून ठेवायचे, आले की आधी तोंडसुख घ्यायचे आणि मग वाढायचे. हे निमूट ऐकून घ्यायचे. “तुझा हॉर्न परवडला,” म्हणायचे, “दिवसभर मागच्यांचे ऐकलेत त्यापुढे काहीच नाही.”

मागचे हॉर्न का मारायचे तेही सांगते. बाजाराच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसांना बसच्या पुढूनच रस्ता ओलांडावा लागायचा. तिथे ना सिग्नल ना पांढरे पट्टे. रस्ता अरुंद, त्यामुळे बस जरा तिरकी उभी केली की ती बाजू बंद. मागून सायकलसुद्धा निसटत नसे. हे मुद्दाम तशी उभी करायचे, बाटलीला बूच मारावं तशी. मग काचेतून हात करायचे, “जा.” शेवटचं माणूस मधल्या दुभाजकावर चढेपर्यंत गाडी हलायची नाही. मागे हॉर्नचा नुसता शंख, कंडक्टर बेलवर बेल मारतोय, आतले प्रवासी ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत, आणि हे आपले ढिम्म. डेपोतल्या साहेबांनी बोलावून झापलं तरी तेच. “साहेब, गाडी उशिरा पोचली तर शिव्या खाईन. माणूसच पोचलं नाही तर कोणाला तोंड दाखवू?”

ह्या उतरणाऱ्यांत एक शिवणवाल्या ताई होत्या. शाळेचे गणवेश शिवायच्या. कापलेलं कापड दुकानातून आणायचं, घरी शिवायचं आणि नेऊन द्यायचं. गुडघे गेलेले आणि खांद्यावर हे एवढं गाठोडं. त्या ह्यांना दादा म्हणायच्या. ह्यांना सख्खी बहीण नाही, त्यामुळे ते एक शब्द ऐकून स्वारी खूश. घरी आले की सुरू, आज ताईंचं गाठोडं फार जड होतं, आज ताई जास्तच लंगडत होत्या. मी म्हणायचे, “बायकोलाही गुडघे आहेत हो, त्यांची चौकशी करा कधीतरी!” मग एकदा मी स्वतः त्याच बसने येत होते, तेव्हा त्यांना पाहिलं. उतरल्या, बसच्या पुढे आल्या, ह्यांच्या हाताकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून, इकडेतिकडे न पाहता, स्वतःच्या घरात चालावं तशा निघून गेल्या. इतका भरवसा मी लग्नाच्या इतक्या वर्षांत ह्यांच्यावर ठेवला नव्हता. त्यानंतर मी टोमणे मारायचे सोडले.

पुढे तो रस्ता सुधारायचं निघालं. त्यासाठी पालिकेने लोकांची सभा घेतली तेव्हा हे रजा टाकून गेले. माईक हातात घेऊन बोलले. बाजाराच्या स्टॉपवर सिग्नल द्या म्हणाले. आणि ऐकलं हो त्यांनी, खोटं कशाला बोलू! रस्ता रुंद केला. पदपथाला लागून बसची वेगळी लाल पट्टी आखली आणि तिच्या शेजारून मोटारींना मोकळी वाट दिली, म्हणजे बस उभी राहिली तरी मागच्यांचा खोळंबा नको. पांढरे पट्टे आले, बसगाड्याही वाढवल्या. हे जेवणाच्या वेळेला जेवायला येऊ लागले. गरम ताटासमोर बसून लहान पोरासारखे हसायचे. “बघ, आता मला कोणी शिव्या देत नाही.” बाजाराच्या स्टॉपवरचा सिग्नल तेवढा सुरू व्हायचा बाकी होता. खांब उभा होता आणि दिव्यांवर पोतं बांधलेलं होतं.

त्याच दिवसांत ते झालं. ताई उतरल्या, गाठोडं सावरत बसच्या पुढे आल्या आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हात केला. रस्ता बदलला होता, हात जुनाच होता. आपली बस उभी म्हणजे सगळा रस्ता उभा, हे अंगात मुरलेलं. शेजारची ती मोकळी वाट त्या क्षणी ह्यांच्या ध्यानातच आली नाही. ताई खाली मान घालून चालू लागल्या. बसच्या आडून बाहेर पडल्या आणि मागून भरधाव आलेल्या मोटारीने त्यांना उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी ह्यांना विचारलं, बस कुठे उभी होती? पट्टीत होती, ह्यांनी सांगितलं. उभी होती की चालू? उभी होती. झालं, सुटले. मोटारवाल्याला धरून नेलं. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात लिहिलं होतं की महिला न बघताच रस्त्यात आली. डेपोतले म्हणाले, तुझा काही संबंध नाही, सोडून दे. आणि घरात हा माणूस पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसायचा तो बसूनच राहायचा. मी आधी समजूत घातली, मग चिडले, मग घाबरले. महिना तसाच गेला. एक दिवस दुपारी भिंतीकडे बघतच म्हणाले, “मी हात केला होता.”

मी आधी दार लावून घेतलं. “कोणाला बोललात?” नाही म्हणाले. “मग बोलू नका! आपल्या पोरीचं शिक्षण व्हायचंय. केलेला हात कोणी पाहिलाय का?”

“जिने पाहिला ती गेली,” म्हणाले. “आणि दोष तिच्यावर आलाय.”

मी मनातून गप्पच बसायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी किराणा घ्यायला गेले. दुकानात दोघी बोलत होत्या, ती शिवणवाली वेंधळीच होती म्हणे, डोळे काय घरी ठेवून निघाली होती? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तोंड सांभाळून बोला!” म्हणून ओरडले, आणि पुढे शब्दच फुटेना. कारण पुढचं जे सांगायचं ते सांगितलं तर माझाच नवरा अडकत होता. पिशवी तिथेच ठेवून घरी आले आणि ह्यांना म्हटलं, “जा. सांगून या. काय व्हायचं ते होऊ दे.”

हे आधी डेपोत गेले. साहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, तुला विचारलंय का कोणी?” तरी ह्यांनी लिहून दिलं. त्या दिवसापासून ह्यांच्या हातातलं स्टिअरिंग गेलं, चौकशी बसली. संध्याकाळी म्हणाले, “आता तिच्या घरी.” मी म्हटलं, मी येते बरोबर.

गणवेशाच्या दुकानात पत्ता विचारून ताईंच्या घराचा जिना चढलो. ताईंच्या मिस्टरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. शिवणाऱ्या बाईच्या घरात तुटलेलं बटण! आत खिडकीशी मशीन होतं, सुईखाली निळ्या सदऱ्याची बाही अर्धी शिवलेली तशीच अडकून होती. ह्यांनी नाव नाही, गाव नाही, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. “मी त्या बसचा ड्रायव्हर. ताई न बघता नाही आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मी जा म्हटलं, म्हणून त्या आल्या.”

ते एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, आता अंगावर येतील. आले असते तर मी मध्येही पडले नसते.

“दादा म्हणजे तुम्हीच का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे तिची चूक नव्हती.”

“नव्हती. माझी होती.”

ते खुर्चीत बसले. “ती गेल्यापासून मी तिच्यावर चिडून बसलोय,” म्हणाले. “बघून चालता येत नव्हतं का तुला, हेच घोकतोय. शेवटचं उचलून नेताना सगळे रडत होते, आणि मी तिला काय म्हणालो माहितीये? म्हटलं, वेंधळी ती वेंधळीच राहिलीस. लोकांसमोर म्हणालो. माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही आलं.” मग ह्यांच्याकडे वर बघून म्हणाले, “त्याच दिवशी का नाही आलात हो?”

ह्यांनी हात जोडले.

“जा तुम्ही,” ते म्हणाले. “तुम्हाला माफ करणं मला जमायचं नाही. जा.”

आम्ही बाहेर पडलो. दार आमच्या मागे अर्धवट उघडंच राहिलं. जिना उतरायला लागलो तर आतून आवाज आला, हुंदक्यांत बुडालेला. “ऐकलंस का गं? मी उगाच बोललो तुला. माझं चुकलं गं, ऐकतेयस ना?” तेच, पुन्हा पुन्हा. मी ह्यांचा दंड धरून ओढलं, “चला ना हो, चला.” पण हे कठड्याला घट्ट धरून उभे होते. आवाज थांबेपर्यंत एक पायरीसुद्धा उतरले नाहीत.