लेकीच्या लग्नात बिनकॅमेऱ्याचा बाप

लेकीचं लग्न जमलं आणि तिने पहिली अट मलाच घातली. "पप्पा, त्या दिवशी तुमच्या हातात कॅमेरा दिसला तर मी बोहल्यावर चढायची न्हाई." तिची आई आतून म्हणाली, "बराबर हाय तिचं." मायलेकी एक झाल्यावर आपलं काय चालतं! शिवाय लेकीचं चुकलंही नव्हतं. मी ताडकळसचा फोटोग्राफर. पार पूर्णा-पालमपर्यंतच्या लोकांची लग्नं टिपता टिपता केस पिकले, पण आमच्या घरच्या अल्बमात मी कुठेच नाही. तिच्या बारशात नाही, एकाही वाढदिवसात नाही. तिला लग्नात बाप पाहिजे होता, फोटोवाला नको होता.

पण मी बाजूला झालो तर फोटोंचं काय? माझ्यासोबत काम करणारी माणसं चांगली होती, तरी माझ्याशिवाय त्यांनी एकाही लग्नाचं काम केलेलं नव्हतं. त्यात मी तापट. दुसऱ्याच्या हातातला कॅमेरा मला कायम वाकडाच दिसतो.

ही माणसं जमली कशी, तेही सांगतो. आधी मी आणि माझे दोन दोस्त, तिघंही पक्के फोटोवाले. पालमकडच्या एका लग्नात नवरीच्या मामाने बहिणीला मानाचा आहेर केला, तेव्हा आम्ही तिघंही नवरा-नवरीला घेऊन चिंचेखाली होतो. एक म्हणतो अशी मान कर, दुसरा म्हणतो तशी कर. नवरीच्या बापाने अल्बम चाळला आणि माझ्यासमोर आपटला. "तीन कॅमेरे अन् तिन्हीत चिंचेखालचेच फोटो! आहेराचा एक बी न्हाई. मेव्हण्याला आता काय तोंड दाखवू?" तीन तिगाडा, काम बिगाडा. पुढे त्या दोघांनी आपापली दुकानं थाटली. दोस्ती अजून आहे.

मग एका लग्नात मला आमचे मास्तर सापडले. एसटीच्या कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, तसले मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. अक्षता पडायच्या वेळी सगळी वऱ्हाडी मंडळी मोबाईल उंचावून माझ्यापुढे उभी. मास्तर खुर्चीवरून उठले आणि एसटीतल्या आवाजात म्हणाले, "चला, मागं सरका, मागं लय जागा हाय. वहिनी, हात खाली." सगळा मांडव मुकाट मागे सरकला. जेवणं झाल्यावर मी त्यांच्या मागेच लागलो. ते म्हणाले, "मला फोटोतलं काय कळतंय?" मी म्हणालो, "फोटोतलं कळणारी माणसं लय झाली, मास्तर."

दुसरा कॅमेरा सांभाळतो तो जवळच्याच खेड्यातला. सकाळी शेतात पाणी देऊन येतो. हात दगडासारखा स्थिर, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. ते काम माझं. म्हाताऱ्यांना हसवायचं, रुसलेल्या जावयाला फोटोत ओढायचं, हे मला जमतं. आणि पूर्ण्याला एक रेल्वेवाल्याची मुलगी कॉम्प्युटरवर आमचे अल्बम लावते. ती लग्नाला येत नाही, पण फोन करून माझं डोकं खाते. "काका, नवरीची आई कुठंय? आख्ख्या लग्नात एकदाच, ती बी पाठमोरी!" सुरुवातीला मला राग यायचा. आता मंडपात शिरल्यावर मी आधी आई शोधतो.

लग्नाच्या दिवशी पांढरा सदरा घालून आणि फेटा बांधून मी मांडवात उभा राहिलो, तर हातांचं काय करावं हेच कळेना. दुसरा कॅमेरावाला आता पहिला झाला होता. तो उन्हाकडे कॅमेरा धरून उभा दिसला आणि मी ओरडणार, एवढ्यात मास्तरांनी माझा दंड धरला. "तुमी आज पाव्हणे हाव. गुमान उभं ऱ्हावा." माझ्या जागी लोकांना हसवायचं कामही त्यांनीच पत्करलं होतं. त्यांचे विनोद जुने होते आणि लोक तरीही हसत होते. अक्षता पडल्या तेव्हा मी लेकीकडे माझ्या डोळ्यांनी, पूर्ण बघितलं. मध्ये काच नव्हती.

पाठवणीच्या वेळी मात्र मी पळ काढला. आमच्याकडे मुलींचे बाप असंच करतात. बायका गळ्यात पडून रडतात आणि बाप लेकीला दिलेल्या सामानाच्या टेम्पोमागे जाऊन कपाटाची दोरी आवळत बसतो, बांधलेलीच पुन्हा बांधतो. इतक्या वर्षांत मला एकाही बापाचा त्या वेळचा चेहरा टिपता आला नव्हता. आता मीही टेम्पोमागे, दोरी हातात.

कुणीतरी जवळ आलं. आमचा कॅमेरावालाच. त्याने माझ्या हातातली दोरी काढून घेतली, हुकाला अडकवली आणि म्हणाला, "दादा, आता रडा की. बाकीचं आमी बघायलोत."

त्याच्या मागे लेक उभी होती. तिच्या मागे मास्तर, दोन्ही हात पसरून सगळं वऱ्हाड अडवून धरलेले. पुढचं मला नीट आठवत नाही. तिचा शालू माझ्या बोटांत अडकला होता, एवढंच आठवतं.

पंधरवड्याने अल्बम आला. मोठ्या पानावर तो फोटो होता. फेटा वाकडा, नाक लाल, तोंड उघडं, आणि लेक माझ्या छातीशी. असला फोटो मी कुणाच्या अल्बमात जाऊ दिला नसता. मी पूर्ण्याच्या त्या मुलीला फोन लावला आणि म्हणालो, "अगं, निदान माझं नाक तरी ठीक करायचंस."

ती नेहमी तावातावाने बोलते. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाली, "काका, त्याला हात लावायला माझा हात धजला न्हाई."

मला तिचे आभार मानायचे होते. तिचे, मास्तरांचे, त्या अबोल कॅमेरावाल्याचे. पण बोलण्याचं काम ज्याच्याकडे होतं, त्याच्याच तोंडून शब्द फुटेना.